आढ्याला टांगलेला रुमाल

(या भागात जे बोललो ते जवळपास जसंच्या तसं इथं देतोय. ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी.)

आजचा भाग नरसीचा. नरसी नामदेव, जिल्हा हिंगोली, कयाधू नदीच्या काठचं आमचं गाव. गावाचं नाव ज्यांच्यामुळं सगळीकडं गेलं ते संत नामदेव. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० सालचा, इथलाच. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, म्हणून पंजाबातूनही माणसं इथं येतात. हे तुम्हाला माहीत असेलच.

पण आज बोलायचंय ते याच भागात साधारण १८५० ते १९०० च्या दरम्यान राहिलेल्या साध्या माणसांबद्दल. ज्वारी पेरली, कर्ज काढलं, पोरीचं लग्न केलं, भावाशी बांधावरून भांडले आणि गेले. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही. तरी त्यांची नावं लिहिलेली आहेत. कुठं? तुमच्या-आमच्या घरातल्या जुन्या पेटीत, देवळीत, नाहीतर आढ्याला टांगलेल्या गाठोड्यात.

या गाठोड्याला जुना शब्द आहे रुमाल. खिशातला नव्हे. कागद एकावर एक ठेवून चौकोनी कापडात बांधायचे, त्याला रुमाल म्हणायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातसुद्धा कागद रुमालातच मोजतात. म्हणजे सरकारी दफ्तराची आणि आपल्या घरातल्या गाठोड्याची पद्धत एकच.

रुमालात असतं काय?

राजा-महाराजांचं पत्र निघेल अशी आशा धरू नका. निघतात ते असले कागद:

सारा भरल्याच्या पावत्या. सावकाराला लिहून दिलेली खतं. वाटणीपत्र, त्यात शेताच्या चार बाजू: पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला ओढा, उत्तरेला गावरस्ता, असं. जन्मटिपण. कुणाला किती ज्वारी उसनी दिली त्याची चिठोरी. आणि माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे आहेराची यादी. कुणी लुगडं दिलं, कुणी सव्वा रुपया दिला, कुणी पायलीभर गहू. आपल्याकडं आजही लग्नात एक जण वही घेऊन बसतोच ना? तीच गोष्ट. त्या यादीवरून कळतं की घराची ऊठबस कुणाशी होती, कोणत्या गावांत सोयरीक होती. दीडशे वर्षांपूर्वीची कॉन्टॅक्ट लिस्टच म्हणा.

आता काय नसतं तेही बघा. वाईट बातमीचं पत्र घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं, हे तुम्ही आजीकडून ऐकलं असेल. त्यामुळं मृत्यू या कागदांत फारसे सापडत नाहीत. फिटलेलं खत सावकार परत करायचा, बऱ्याचदा फाडूनच. म्हणून घेणाऱ्याच्या घरात खत सापडलं तर बहुतेक ते फिटलेलं असतं. सावकाराच्या घरात अख्खं सापडलं तर प्रकरण बाकी होतं. माझं काम सर्व्हरचे लॉग बघायचं, तिथंही हेच शिकवतात: जे उरलंय तेवढंच घडलं असं समजू नका, काय पुसलं गेलं तेही विचारा.

सहीच्या जागी नांगर

एक खत डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला तारीख. मग कुणी कुणाला लिहून दिलं. नाव असं: अमुक वल्द तमुक. वल्द म्हणजे मुलगा. बाईचं नाव असेल तर अमुकबाई कोम तमुक. कोम म्हणजे बायको. पुढं रक्कम, व्याज, मुदत, काय गहाण ठेवलं ते. खाली साक्षीदार.

आणि सही? बहुतेक शेतकऱ्यांना लिहिता येत नव्हतं. मग त्याच्या नावापुढं लिहायचे ‘निशाणी नांगर’, आणि छोटासा नांगर काढायचे. व्यापाऱ्याचा तराजू. बाईची बांगडी. मोबाईलवर इमोजी टाकावी तसा एक वर्तुळाचा फराटा, आणि त्या फराट्यावर चार एकर गहाण.

इथं जरा थांबा. ज्याच्या नावानं हा कागद झाला त्यालाच तो वाचता येत नव्हता. लिहिणारा कुलकर्णी किंवा पटवारी. ठेवणारा सावकार. शेतकऱ्याला जे वाचून दाखवलं ते त्यानं ऐकलं आणि मान हलवली. शंभराचे दीडशे लिहिले तरी त्याला कळायचा मार्ग नव्हता. सगळेच कुलकर्णी खोटं लिहीत होते असं मी म्हणत नाही. पण खरं-खोटं तपासायची सोय एकाच बाजूला होती.

व्याजही ऐका. धान्य उसनं घ्यायच्या दोन पद्धती होत्या, सवाई आणि दिढी. पेरणीला चार पायल्या घ्यायच्या, सुगीला सवाईनं पाच परत द्यायच्या, दिढीनं सहा. म्हणजे चार-पाच महिन्यांत शेकडा २५ नाहीतर ५०. लोन ॲपवाल्यांनी काही नवीन शोध लावलेला नाही.

एक दिवस, तीन साल

आता आमच्या मराठवाड्याची खास गंमत. नरसी तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. दिवाण होते पहिले सालारजंग, १८५३ ते १८८३. त्यांच्या काळात जिल्हे पाडले गेले, महसूल थेट सरकारी नोकरांमार्फत गोळा होऊ लागला, आणि कागद वाढले. वरच्या कचेरीची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकात उर्दू. गावात मात्र हिशेब मराठीत, मोडी लिपीत. एकाच शेताबद्दल दोन भाषा, दोन लिप्या.

वरून तारखा. १८८० सालची दिवाळी घ्या. तो दिवस शके १८०२ मध्ये येतो, फसली १२९० मध्ये येतो आणि हिजरी १२९७ मध्ये येतो. एकच दिवस, तीन आकडे. आमच्या धंद्यात टाइमझोनच्या बगनं माणूस रडकुंडीला येतो, हे त्याच्या वरताण. सोपा हिशोब सांगतो: शके असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली असेल तर ५९०. वर्षाची सुरुवात वेगवेगळ्या महिन्यात होते, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक धरून चला. हिजरीला ही बेरीज चालत नाही, कारण ते चांद्र वर्ष आहे, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं.

पैशाचंही तसंच. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा रुपया कलदार. हाली कमी मोलाचा. विसाव्या शतकात सरकारी दर होता तो साधारण ७ हालीला ६ कलदार. म्हणून कागदात नुसतं ‘रुपये ५०’ दिसलं तर आधी कोणते रुपये ते बघायचं.

आणि लिहायची पद्धत: उभी रेघ म्हणजे पाव रुपया, आडवी रेघ म्हणजे एक आणा. ४॥= असं दिसलं तर चार रुपये, दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे, दोन आडव्या म्हणजे दोन आणे. एकूण चार रुपये दहा आणे. एकदा कळलं की अगदी सोपं आहे.

कागद जाळणारी माणसं

या कागदांची ताकद किती होती, हे समजायला थोडं पुण्याकडं जावं लागेल.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला, भाव चढले. सावकारानं हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज तसंच राहिलं. सरकारनं वरून शेतसारा वाढवला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच.

लोकांनी मागितलं काय? कागद. ठिकठिकाणी आधी खतं आणि वह्या मागायच्या आणि जाळायच्या, दिल्या नाहीत तर पुढचा दंगा. वाचता येत नव्हतं, पण आपली जमीन नेमकी कोणत्या गाठोड्यात बांधलेली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढं सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. त्यात खत गावच्या निबंधकासमोर लिहायचं असं ठरलं, आणि नुसत्या खतावर न जाता मूळ व्यवहार काय होता ते उकरून बघायची मुभा कोर्टाला मिळाली. आपण निजामाच्या मुलखात, तो कायदा आपल्याला लागू नव्हता. पण नांगराची निशाणी इथंही तीच होती.

मग आज आपलं काय?

खरं सांगू? आज आपण त्याच शेतकऱ्याच्या जागी आहोत. आपण बीटेक, आपण एमबीए, पण पणजोबांचा कागद हातात आला तर उलटा धरलाय की सुलटा ते कळत नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा हिशोब नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी वापरात होती. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीत तोडका-मोडका का होईना धागा होता, आपल्याकडं येईपर्यंत तुटला.

याची किंमत काय, ते मराठवाड्यानं अलीकडंच पाहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि अचानक गावोगाव लोक माळे उपसायला लागले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचे दाखले, जुनी खतं. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. मुद्दा एवढाच: ज्या कागदाला आपण रद्दी म्हणत होतो, त्यातला एक शब्द वाचायला पुन्हा दुसऱ्यापुढं हात पसरावा लागला. लिपी तीच, हतबलताही तीच.

अजून एक. रुमाल एका घरात असतो, पण त्यात नावं अख्ख्या गावाची असतात. ज्यांच्याकडं जमीन होती, वतन होतं, त्यांच्याकडं कागद उरले. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं, त्यांचा पणजोबा कदाचित तुमच्या खतावर साक्षीदार असेल, तुमच्या चिठोऱ्यात ‘दोन पायल्या येणे’ म्हणून असेल. त्या माणसाबद्दल लिहिलेलं जगात तेवढंच उरलेलं असू शकतं. तुमचा रुमाल रद्दीत गेला की तोही गेला.

घरी गेल्यावर करायच्या गोष्टी

एक, लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. कडक उन्हात वाळवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट होतात, स्वच्छ सुती कापडच बरं. आपल्याच मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, तिथला हातकागद नावाजलेला होता. असा कागद आणि काजळाची शाई, नीट ठेवलं तर आपल्यापेक्षा जास्त टिकतं.

दोन, फोटो काढा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी ठेवून. मागची बाजू विसरू नका, कितीदा खरी माहिती मागंच असते. कागद ज्या क्रमानं बांधलेत तो क्रम मोडू नका, फोटोला तोच नंबर द्या. बॅकअप दोन ठिकाणी.

तीन, घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्याच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग करा. हे शेत कोणतं, ही आत्या कुठं दिलेली. कागद अजून पन्नास वर्षं थांबेल, माणूस थांबणार नाही.

चार, फॅमिली ग्रुपवर लगेच टाकू नका. बरेच म्हातारे हे गाठोडं लपवून ठेवतात ते वेडेपणानं नव्हे. एक वाटणीपत्र बाहेर आलं की दोन घरांचं बोलणं बंद होतं, हे त्यांनी बघितलेलं असतं. आधी वाचा, समजून घ्या, घरच्यांना विचारा, मग ठरवा.

पाच, मोडी शिका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे वर्ग होत असतात. संचालनालयाचं एक पुरालेखागार छत्रपती संभाजीनगरला आहे. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे, म्हणजे ती कॉम्प्युटरवर टाइप करता येते. पण हातानं लिहिलेला घाईतला कागद वाचायला अजून माणूसच लागतो. आणि मशीनला जरी शिकवायचं म्हटलं तरी आधी कुणीतरी हजारो कागद बरोबर वाचून द्यावे लागतात.

ज्यांच्या घरात रुमाल नाही त्यांनी नाराज होऊ नका. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. तिथं यात्रेला गेलेल्या माणसाचं नाव, गाव, बाप-आजाची नावं लिहिलेली असतात. लिहिता न येणाऱ्या कितीतरी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची यादी तिथं आहे. गेलात तर गाव आणि आडनाव सांगून विचारा.

तर मंडळी, या दिवाळीत घर झाडताना ते गाठोडं खाली काढा. कचऱ्यात टाकायच्या आधी एक कागद उलगडा आणि तळाशी बघा. लिपी नाही कळली तरी नांगर किंवा बांगडी ओळखू येईल. काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा, पण नावं आणि गट नंबर झाकून बरं का. पुढच्या भागात पायली, कुडव, मण, खंडी ही जुनी मापं घेऊ. तोवर रामराम!