तापाची गोळी काय करते, काय करत नाही
(कागल येथे केलेले भाषण)



पावसाळ्यात घरोघरी ताप येतो आणि मेडिकलमधून तापाची गोळी येते. ती नेमके काय करते?

जंतूंशी लढताना शरीरात प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होते. ते मेंदूला तापमान वाढवायला लावते. म्हणूनच अंग तापत असूनही हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल हे रसायन बनू देत नाही. घाम येतो, ताप उतरतो. जंतू मात्र शरीरातच असतात.

म्हणून ताप उतरला म्हणजे आजार गेला, असे समजू नका. डेंग्यूत तर ताप उतरतानाच धोका वाढतो. पोटात जोरात दुखले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले, तर तडक दवाखाना गाठा. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

लेकरांचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा, मध्ये किमान चार तास. एका सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असते, दुसऱ्याच्या २५०. चमचे मोजण्याआधी लेबल वाचा. सर्दीच्या औषधातही बहुधा पॅरासिटामॉल असते. दोन्ही दिलीत तर यकृतावर बेतते. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे. घरात जुनी पट्टी असेल, तर लेकरांना देऊ नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर मात्र घरी गोळी शोधत बसू नका. थेट डॉक्टरांकडे न्या.