उशीर करणारी मुले
(ट्रस्टच्या महोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



आजच्या प्रसंगी शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. विषय मोठा, म्हणून मी एकाच प्रकारच्या विद्यार्थ्याविषयी बोलणार आहे. तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे.

प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर देतो. पण फळ्यावरच्या चार ओळी उतरवून घेण्यास त्याला अर्धा तास पुरत नाही. सकाळी एक बूट हातात घेऊन तसाच बसून राहतो. उलट, बिघडलेला पंखा उघडून बसला म्हणजे त्याला जेवणाची हाकही ऐकू येत नाही. आपण म्हणतो, "मनात आले की सर्व जमते, आळशी आहे झाले!" मीही अनेक वर्षे हेच म्हणत आलो. असल्या एका मुलाला उशिराबद्दल मी कित्येक दिवस वर्गाबाहेर उभे केले. त्याचा उशीर कमी झाला नाही. तो माझ्याकडे पाहीनासा मात्र झाला.

वैद्यकशास्त्रात या स्थितीला ए.डी.एच.डी., म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, असे म्हणतात. ही आजकालची टूम नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात वेळेच्या भानाचा या स्थितीशी असलेला संबंध मांडला. त्यासाठी करतात तो प्रयोग साधा आहे. काही सेकंद दिवा लावून विझवितात आणि मुलास सांगतात, "आता तेवढाच वेळ तू लाव." या मुलांचा अंदाज इतरांपेक्षा अधिक चुकतो.

रोजेदारास इफ्तारीपूर्वीची पंधरा मिनिटे किती लांब वाटतात, हे आपण जाणताच. या मुलाला कंटाळवाण्या कामातील पंधरा मिनिटे रोजच तशी वाटतात. पुढच्या आठवड्याची परीक्षा मात्र त्याला दूर कुठेतरी भासते, आणि आदल्या रात्री ती एकदम अंगावर कोसळते.

मग करावे काय? वेळ डोळ्यांना दिसला पाहिजे. अभ्यासाच्या जागी समोर काट्यांचे घड्याळ टांगावे. "लवकर आटप" असे न म्हणता, "मोठा काटा सहावर येईपर्यंत पाच गणिते," असे सांगावे. मोठ्या कामाचे तुकडे पाडावेत व शाबासकी तेथल्या तेथे द्यावी. वर्षअखेरीस मिळणाऱ्या सायकलीचे आमिष येथे फारसे चालत नाही. उशीर करणारे प्रत्येक मूल असे नसते. म्हणून निदान तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. त्यांनी औषध सांगितले तर त्याची लाज बाळगू नये. पुष्कळांना त्याने गुण येतो.

शेवटी ट्रस्टकडे एक मागणे. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीनंतर घेतला जात नाही, आणि ते रास्तच आहे. परंतु मी ज्याला बाहेर उभे केले, तोच मुलगा पुढे भरलेला अर्ज दप्तरात ठेवून विसरला, दोन दिवस उशिरा आला आणि रिकाम्या हाताने परत गेला. हुशार मुलगा, त्याचे वर्ष गेले. मुदत बदलू नये. पण आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी अशा मुलांच्या घरी आठवण देणारा एक माणूस नेमावा. ते काम मी स्वतः विनामोबदला करीन. माझ्याकडून एवढे तरी देणे लागते.