कोऱ्या कागदावरचा अंगठा
(आदिलाबाद येथील मराठी भाषिकांपुढे केलेले भाषण)



पैनगंगेच्या या काठावर कापसाचा पैसा पूर्वी पेटीत जाई. पुढे तो बँकेत जाऊ लागला. आज आपले काही तरुण तो आभासी चलनात गुंतवीत आहेत. गुंतवावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. गुंतविलेला राखावा कसा, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या आभासी चलनाच्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले. तिजोरीला अनेक किल्ल्या होत्या. मग चोर शिरला कोठून? कंपनीच्या निवेदनानुसार, सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही होत होती दुसऱ्याच मजकुरावर! फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईच्या बायबिटमधून सुमारे दीड अब्ज डॉलर अशाच रीतीने गेले. दोन्ही चोऱ्यांमागे उत्तर कोरियाचा हात असल्याचे अमेरिकेने जाहीर केले.

सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावण्याचे दुःख या जिल्ह्याला नवे नाही. तोच डाव आता पडद्यावर आला आहे!

बँक बुडाली तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. आभासी चलनाला ते नाही. वझीरएक्सच्या ग्राहकांना व्यवहार पुन्हा सुरू होण्यासाठी ऑक्टोबर २०२५ पर्यंत ताटकळावे लागले. किल्ली दुसऱ्याच्या हाती असली, की धनी दाराशी उभा राहतो.

म्हणून आमचे सांगणे ऐका. मोठी रक्कम बाजाराच्या खात्यात ठेवू नका. इंटरनेटपासून अलग राहणाऱ्या स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवा. त्याचे १२ किंवा २४ परवलीचे शब्द कागदावर लिहून दोन सुरक्षित जागी ठेवा. त्यांचे छायाचित्र काढू नका, व्हॉट्सॲपवर धाडू नका. ते शब्द मागणारा, मग तो कंपनीचा माणूस म्हणवो की पोलीस म्हणवो, चोरच समजावा! बाजाराच्या खात्याला एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲपचे कुलूप घाला. कारण तुमच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड काढून ओटीपी पळविता येतो. मंजुरी देण्यापूर्वी पत्ता व रक्कम वॉलेटच्याच पडद्यावर वाचा. तेथे मजकूर उमगला नाही, तर मंजुरी नाही!

इतके करूनही घात झालाच, तर लाजेने गप्प बसू नका. त्याच घटकेस १९३० हा क्रमांक फिरवा. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे तो एकच आहे. दवडलेली प्रत्येक घटका चोराच्या पथ्यावर पडते.

आपल्या बापजाद्यांना अक्षर येत नव्हते, म्हणून ते फसले. आपल्याला येते. मग वाचल्यावाचून अंगठा का उठवावा?