एंजिन आणि पंखा

चेन्नईची अड्यार नदी विमानतळाच्या दुय्यम धावपट्टीखालून वाहते. तिथून जवळच, पल्लावरम येथे, १९१० साली डि'अँजेलिस नावाच्या हॉटेलचालकाने स्वतःच्या आराखड्यानुसार सिम्पसन कंपनीकडून बांधून घेतलेले विमान उडविले. त्याचे एंजिन लहानच होते.

हौसेने विमान बांधणाऱ्यास मोह पडतो तो अधिक अश्वशक्तीचा. परंतु एंजिन केवळ शक्ती देते. विमानास ओढतो तो पंखा. मोटारीचे एंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर जोर धरते. त्याच गतीने १.८ मीटर व्यासाचा पंखा फिरविला, तर त्याची टोके सेकंदाला सुमारे ४२४ मीटर धावतील. ध्वनीचा वेग ३४० मीटरांच्या आसपास! मग बरीचशी शक्ती गोंगाटातच वाया जाते. २,४०० फेऱ्यांवर हाच वेग २२६ मीटरांवर उतरतो. म्हणून एंजिन मंदगती घ्यावे, अथवा गती उतरविणारी दंतचक्रे बसवून त्यांचे वजन सोसावे.

शिवाय ३५ अंशांवरील हवा १५ अंशांवरील हवेहून सुमारे साडेसहा टक्के विरळ असते. तीत एंजिन आणि पंखा दोघेही दुबळे होतात. तेव्हा ही जोडी पारखावी ती अड्यारकाठच्या वैशाखातील दुपारी. चूक उमगते तेव्हा धावपट्टी संपलेली असते.