आगगाडीतील वर्गांची मोजणी



आजचा विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. आगगाडीच्या डब्यांचे वर्ग किती, एवढेच मोजायचे. पण मोजायला बसावे, तो नाव आणि आकडा यांची फारकत दिसू लागते. आपल्याला याची सवय आहेच. स्टेशनाचे नाव भंडारा रोड, आणि गाडीतून पाय ठेवावा तो वरठीत!

बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून या मार्गावर गाड्या धावत आल्या. त्या जमान्यात देशातील गाड्यांना पहिला, दुसरा, इंटर म्हणजे मधला, आणि तिसरा असे वर्ग असत. बोटांवर मोजून पाहा. तिसऱ्या वर्गाचा उतारू खरे म्हणजे चौथा होता! गांधीजी आफ्रिकेतून परतल्यावर याच वर्गाने देशभर फिरले आणि तेथील हाल त्यांनी 1917 साली लिहून काढले.

पुढे 1955 साली जुना पहिला वर्ग रद्द झाला. वातानुकूलित वर्ग निराळा होता, तो तसाच राहिला. जुन्या दुसऱ्याला पहिला म्हणू लागले, इंटरला दुसरा. तिसरा मात्र तिसराच राहिला. मग 1974 साली तिसरा वर्ग हे नावच गेले आणि तो उतारू दुसऱ्या वर्गाचा झाला. पाहिलेत? चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा. अशा दोन बढत्या मिळाल्या, आणि बूड त्याच लाकडी फळीवर!

मग फळी बदलली कोणी? आपल्या महाराष्ट्राचे मधु दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या झोपण्याच्या फळीवर गादी घातली. वर्गाचे नाव तेच राहिले, पण अंगाला फरक कळला. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. सगळे डबे एकाच वर्गाचे, आणि वाट आपल्याच जिल्ह्यातून! पुढे तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले, हेही सांगितले पाहिजे.

आज पुन्हा नावे वाढली आहेत. फर्स्ट एसी, टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार, जनरल. यातला थ्री टायर म्हणजे तिसरा वर्ग नव्हे. एकावर एक तीन बर्थ, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी आकडा माणसाची पायरी सांगे, आता फळ्यांची संख्या सांगतो. आणि जनरलच्या तिकिटावर ‘द्वितीय’ असे छापलेले असते. दुसरा म्हणावा, तर त्याच्या खाली कोणी नाही. म्हणजे दुसरा तोच शेवटचा!

नावे बदलू नयेत, असे माझे म्हणणे नाही. तिसऱ्या दर्जाचा हा शिक्का पुसला गेला, हे चांगलेच झाले. माणसाच्या मानालाही किंमत आहे. पण तेवढ्याने काम संपले, असे मानू नये. आपण भंडारेकर पितळेच्या गावचे. भांड्यावर नाव हौसेने कोरतो, मोल मात्र वजनावर करतो. वर्ग मोजतानाही तोच तराजू धरावा. जनरल डब्यात शिरलेल्या बाईला, तिच्या कडेवरच्या पोराला टेकायला जागा मिळाली का, प्यायला पाणी आणि जायला संडास नीट आहे का, हे आधी विचारावे. मोजणी त्या डब्यापासून सुरू करावी. वरचे डबे आपोआप मोजले जातात.