ओपन सोर्स: पहिलं पाऊल कसं टाकाल?

(हिमायतनगर इथं अभियांत्रिकी आणि बीसीएच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



मी इथलाच. आपल्याच स्टेशनवरून गाडी पकडून नांदेडला अभियांत्रिकी शिकायला जायचो. अब्बा गवंडीकाम करायचे. आज मला ‘करिअर मार्गदर्शन’ करायला बोलावलंय, पण मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. पदवी हातात आहे, अनुभव नाही आणि ओळखीचं कुणी नाही, अशा मुलानं आपलं काम जगाला दाखवायचं कुठं?

वेबसाइट कुठलीही असो, तिला लॉगिन लागतं, माहिती साठवावी लागते, फॉर्म लागतात. दरवेळी हे सगळं नव्यानं कोण लिहिणार? म्हणून पाया, कॉलम, बीम तयार मिळतात आणि भिंती आपण बांधायच्या. त्या तयार सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्याचा कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला, बदलायला मोकळा असला की तो ओपन सोर्स.

असं एक फ्रेमवर्क आपल्या मुंबईत तयार झालंय. त्याचं नाव फ्रॅपे. ऋषभ मेहता यांनी २००८ साली सुरू केलेल्या कंपनीचं हे काम. हिशेब, माल सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट त्याच्यावरच उभं आहे. भाषा पायथन आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे तुम्ही कॉलेजात शिकता त्याच. सगळा कोड गिटहबवर आहे. तो वाचायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

आता माझी फजिती सांगतो. अशाच एका प्रकल्पात मला एक चूक सापडली. तारीख चुकीची दिसत होती. दुरुस्ती एका ओळीची. ती केली आणि पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे ‘माझा बदल तुमच्यात घ्या’ अशी विनंती. पण माझ्या एडिटरनं सेव्ह करताना अख्ख्या फाइलची मांडणी बदलून टाकली होती. तपासणाऱ्याला एका ओळीऐवजी शेकडो ओळी बदललेल्या दिसल्या. त्यानं दोन वाक्यांत लिहिलं, फक्त गरजेचा बदल पाठवा आणि सोबत टेस्ट जोडा.

मला ते लागलं. त्याच दिवसांत मी पुण्यात खोली शोधत होतो. नाव सांगितलं की समोरचा ‘खोली गेली’ म्हणायचा. मला वाटलं, इथंही नाव बघितलं असणार, माझं मोडकं इंग्रजी बघितलं असणार. तीन आठवडे मी ते पान उघडलं नाही. उघडलं तेव्हा ती चूक दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केली होती. मी लिहिली होती तीच ओळ, फक्त सोबत टेस्ट होती. मग मी इतरांच्या विनंत्या वाचल्या. तीच दोन वाक्यं त्यानं कितीतरी जणांना लिहिली होती.

मित्रांनो, भेदभाव असतो. पुण्यातली ती खोली मला नावामुळेच मिळाली नाही. पण प्रत्येक ‘नाही’ तिथूनच आलाय असं धरून बसलो, तर जिथं दार उघडं आहे तिथूनही आपण परत फिरतो. मी तसाच फिरलो होतो.

तर सुरुवात कशी करायची?

आधी ते फ्रेमवर्क वापरा. लॅपटॉपवर बसवा, त्यावर काहीतरी छोटं बनवा. शाळेच्या वाचनालयाची नोंद, नाहीतर मामूंच्या किराणा दुकानाची उधारी. वापरताना जिथं अडाल, तिथं पुढचाही अडणार. तेच तुमचं पहिलं काम.

दुसरं, कोडच लिहायला हवा असं नाही. तक्रारींच्या यादीतली एखादी जुनी तक्रार घ्या. ती चूक आजही होते का ते करून पाहा. कुठली आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, या चार गोष्टी साध्या इंग्रजीत लिहा. माहितीपत्रातली चुकीची पायरी सुधारा. मराठी किंवा उर्दू भाषांतर करा. दोन भाषा तर आपल्याला घरातच मिळाल्यात.

तिसरं, एका विनंतीत एकच बदल. फ्रॅपेमध्ये बदल ‘डेव्हलप’ शाखेवर पाठवायचा असतो आणि शीर्षक ‘फिक्स’, ‘फीट’ अशा ठरलेल्या शब्दानं सुरू करायचं असतं. प्रत्येक प्रकल्पाचे असे नियम असतात, ते आधी वाचा. टेस्ट म्हणजे गवंड्याचा ओळंबा. भिंत सरळ आहे हे तोंडानं सांगून भागत नाही.

चौथं, भरताड पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी इतक्या निरर्थक विनंत्या गेल्या, की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले. एआयनं लिहून दिलेला आणि स्वतःला न समजलेला कोड पाठवणं त्यातलंच. तपासणारा ‘असं का केलं?’ विचारतो तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

आता पैशांचं. मी फुकट काम करतोय कळल्यावर अब्बांनी विचारलं होतं, “पैसे कितने देते वो लोगां?” प्रश्न रास्त होता. घर चालवायची जबाबदारी असेल तर आठवड्याला दोन तासच द्या, नोकरी सोडू नका. मानधन देणारे उपक्रमही आहेत. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालतो. आउटरीची तीन महिन्यांची इंटर्नशिप देतं, मानधन ७,००० डॉलर. ज्यांना या क्षेत्रात भेदभाव सोसावा लागतो त्यांच्यासाठीच ती आहे. इथं बसलेल्या बहिणींनी ती जरूर पाहावी. दोन्हींकडे निवडीआधी प्रकल्पात केलेलं थोडं काम उपयोगी पडतं, आउटरीचीत तर ते सक्तीचंच आहे.

माझ्या दुसऱ्या विनंतीत बदल एका ओळीचाच होता. टेस्ट जोडली आणि ती स्वीकारली गेली. पुढं एका मुलाखतीत समोरच्यानं माझं कॉलेज विचारलं नाही, ती लिंक उघडली आणि अर्धा तास त्यावरच बोलला. अब्बांना माझं उत्तर तेव्हा मिळालं.

पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तुमच्या पहिल्या विनंतीची लिंक दाखवा. नाकारलेली असली तरी चालेल. आपण दोघं बसून ती का नाकारली ते वाचू.