डाळिंबाची साल, हिराकस आणि रंगीत पाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या शुभप्रसंगी मी कचऱ्याविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. बागवान मंडळींच्या हातगाडीमागे पडणाऱ्या साली, रसवंतीबाहेरची चिपाडे, विड्या वळणाऱ्या भगिनींच्या घरातील तेंदूच्या पानांची कात्रणे, हे सारे आपण रोज झाडून टाकतो. रंगाने बिघडलेले पाणी सुधारण्याच्या कामी याच वस्तूंचा उपयोग करता येतो. कसा, ते आज पाहू. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. माझ्या विद्यार्थ्यांबरोबर जे शिकलो, तेवढेच सांगतो.

पूर्वी आपल्यातील रंगरेज झाडपाल्यापासून रंग काढीत. डाळिंबाच्या सालीपासून पिवळा रंग निघे. त्यातच हिराकस घातला की तो काळपट होई. पुढे १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन काही झाले नाही, पण हाती जांभळा रंग आला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. हे रंग स्वस्त आणि पक्के. उन्हाने विटत नाहीत, साबणाने जात नाहीत. गिऱ्हाइकाला जो गुण वाटतो, तोच नदीला शाप ठरतो. कारण रंगवताना सगळा रंग कापडाला धरत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो आणि पाण्यातही तसाच पक्का राहतो. रंगीत पाण्यात सूर्यप्रकाश खोल शिरत नाही, त्यामुळे पाण्यातील वनस्पती व जलचर यांचे हाल होतात.

आपण म्हणाल, प्रवरेकाठी राहणाऱ्या आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. मालेगावात आपल्यापैकी अनेकांचे आप्तेष्ट यंत्रमागावर राबतात. तेथील बरेचसे कोरे कापड रंगाईसाठी राजस्थानात पाली आणि बालोतरा येथे जाते. त्या रंगाईचे पाणी पालीच्या बांडी नदीने आणि बालोतऱ्याच्या लुणी नदीने सोसले आहे. आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीच्या रंगाई उद्योगाचे नाव पंचगंगेच्या प्रदूषणाबरोबर वारंवार घेतले जाते. प्रश्न केवळ माशांचा नाही, भाकरीचाही आहे. तमिळनाडूत तिरुप्पूर येथील शेकडो रंगाई कारखाने २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद करावे लागले. नदीला न्याय मिळाला, पण ज्या मजुराचा काहीच दोष नव्हता, त्याचीही चूल विझली. पाणी वेळीच स्वच्छ करणे हाच नदी आणि मजूर दोघांनाही वाचवण्याचा मार्ग आहे.

आता आमच्या वर्गातील प्रयोग सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यासाठी शाळेत मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग असतो. त्याचे दोन थेंब ग्लासभर पाण्यात टाकले आणि वाळवलेल्या डाळिंबाच्या सालीचा भुगा त्यात ढवळला. झाले भलतेच! सालीचाच पिवळा रंग पाण्यात उतरला आणि मुले खो खो हसली. आम्ही हार मानली नाही. भुगा गरम पाण्यात पुन्हापुन्हा धुतला, पाणी नितळ येईपर्यंत धुतला, वाळवला आणि पुन्हा वापरला. या वेळी निळे पाणी हळूहळू फिके होत गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, रंग गेला कुठे?"

मंडळी, सारे शास्त्र या एका प्रश्नात आहे. रंग नाहीसा झालाच नव्हता. तो सालीला चिकटला होता. भुगा फेकला तर पावसाळ्यात तोच रंग पुन्हा ओढ्याला लागणार! शिवाय मिथिलीन ब्लूवर धन विद्युतभार असतो, म्हणून तो सालीला सहज धरतो. सुती कापडाचे अनेक रंग ऋण भाराचे असतात, ते साध्या सालीला फारसे दाद देत नाहीत.

म्हणून रंग नुसता पकडून भागत नाही, तो मोडला पाहिजे. येथे उत्प्रेरक लागतो. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन घरांची गाठ घालून देतो आणि पुढच्या स्थळाकडे निघतो. उत्प्रेरक तसाच. तो रासायनिक क्रिया घडवून आणतो आणि स्वतः पुढच्या कामाला मोकळा राहतो. १८९४ मध्ये फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीची करामत प्रसिद्ध केली. ही जोडी पाण्यात हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय तिखट कण तयार करते आणि ते रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. हा लोहाचा क्षार म्हणजे दुसरे तिसरे काही नसून रंगरेजाचा हिराकस होय.

पण नुसता हिराकस वापरला की शेवटी लोहाचा तांबूस गाळ उरतो. येथे आपली साल पुन्हा कामाला येते. साल लोहाच्या क्षारात भिजवून, वाळवून, कमी हवेत तापवली की तिचा सच्छिद्र कोळसा होतो आणि लोह त्यात अडकून बसते. कोळसा रंगाला ओढतो, लोह पेरॉक्साइडच्या मदतीने त्याला मोडते. तापमान नीट साधले तर हा कोळसा लोहचुंबकाने बाहेर काढून पुन्हा वापरता येतो. उसाचे चिपाड, नारळाची करवंटी, भाताचे तूस यांवरही देशोदेशीच्या प्रयोगशाळांत असे काम चालू आहे. ज्या दोन वस्तूंनी रंगरेज कापडावर रंग बसवीत असे, त्याच दोन वस्तू आज पाण्यातून रंग काढण्यास उपयोगी पडाव्यात, ही अल्लाहची कुदरत नव्हे तर काय?

मात्र अडचणी लपवू नयेत. ही क्रिया आम्लधर्मी पाण्यात चांगली चालते, म्हणून नंतर ते आम्ल मारावे लागते. वापरागणिक थोडे लोह झिजते. साखर कारखाने चिपाड बॉयलरमध्ये जाळतात, तेव्हा ते फुकटचा कचरा नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी नितळ दिसले म्हणून ते स्वच्छ झाले असे नाही. काही रंग अर्धवट मोडले तर त्यांतून न दिसणारी, पण रंगापेक्षाही घातक द्रव्ये निघू शकतात. म्हणून अशा पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करतात आणि त्यात बी रुजते का, हेही पाहतात. विद्यार्थी मित्रांनो, रंग गेला की टाळ्या वाजवून थांबू नका. त्या पाण्यात मूग भिजवा, शेजारी साध्या पाण्यातले मूग ठेवा आणि मोड मोजा. पेरॉक्साइडचा प्रयोग मात्र शिक्षकांशिवाय करू नका.

पालकहो, रसायनशास्त्राला आपल्या पूर्वजांनी अल्-किमिया म्हटले आणि जाबिर इब्न हय्यान यांचे नाव आजही जग आदराने घेते. पण जुन्या नावांवर किती दिवस जगायचे? माग आपले, हातगाडी आपली, रंगाईच्या हौदाशी उभा असणारा मजूरही पुष्कळदा आपलाच. मग त्या पाण्याची परीक्षा करणारा रसायनतज्ज्ञ आपल्या घरातून का निघू नये? "सर, रंग गेला कुठे?" असे विचारणारी मुलगी दहावीनंतर घरी बसली, तर तिचा प्रश्नही तिच्याबरोबर घरी बसेल. तिला अकरावीला शास्त्र शाखेत घाला. पुस्तकांची आणि फीची अडचण असेल तर संकोच न करता आम्हा शिक्षकांना सांगा. आपण मिळून वाट काढू.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. मग ती नदी नासू न देणे, हेही आपले कर्तव्यच नाही का?